साडेचार चटयांची खोली

२१ सप्टेंबर १९८७, सोमवार

आज आलं —
तांदूळ दहा किलो, ३,९०० येन. गेल्या खेपेपेक्षा दीडशे जास्त. दुकानदार म्हणतो, पावसानं नासाडी झाली. मी म्हटलं, पाऊस काय तुमच्याच गोदामात पडतो?
पितरांच्या आठवड्यातल्या गोड गोळ्यांसाठी लाल चवळी अर्धा किलो, ३८०.
उदबत्त्या एक पुडा, ४५०.
बटाटे, नणंदेकडून पार्सल. फुकट. (उलट काहीतरी पाठवावं लागेलच, म्हणजे फुकट नाही.)
एक मुलगी, देवळातून. खर्च अजून कळला नाही.

मुलगी श्रीलंकेची. नाव मल्कांती. चोवीस वर्षांची. देवळातल्या गुरुजींचा परवा फोन आला होता — "हिरोनाकाबाई, महिना-दोन महिने वरची खोली द्याल का? कॉलेजात शिकते. राहायला जागा मिळेपर्यंत. आपल्याच धर्माची आहे." मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे पेपराआडून म्हणाले, "शिगेहारु येईपर्यंत खोली रिकामीच आहे की." म्हणजे हो.

शिगेहारुची बदली सापोरोहून इकडे झालीय. डिसेंबरअखेर सून आणि दोन्ही नातवंडांसकट येईल. तोवर खोली तिची.

सामान काय, तर एक सुटकेस, एक भाताचं भांडं, एक टेबलावरचा दिवा. वसतिगृहात परदेशी मुलांना एकच वर्ष ठेवतात, मग बाहेर! त्यानंतर सहा आठवडे मैत्रिणीच्या खोलीत होती. गाद्या ठेवायच्या कपाटात, खालच्या कप्प्यात झोपत होती. हसत सांगते.

दारात इतकी वाकली की डोकं छत्र्यांच्या स्टँडला आपटलं. स्टँडलाही "माफ करा" म्हणाली.

२३ सप्टेंबर, बुधवार

दिवस-रात्र सारखी. चवळीच्या गोळ्या केल्या, चौदा. पहिल्या चार देवापुढे आणि वारलेल्या सासूसासऱ्यांच्या नावांच्या पाट्यांपुढे.

मी नामु अमिदा बुत्सु, अमिदा बुद्धाचं नाम, म्हणत बसले होते. ती मागे येऊन बसली. माझं झाल्यावर विचारलं, "काकू, मी म्हणू?" आणि म्हणाली — बुद्धं सरणं गच्छामि. विहिरीत दोर सोडावा तसा आवाज, सरळ खाली उतरणारा. माझ्या हातात घंटेची काडी तशीच राहिली.

हे गोळी खाता खाता म्हणाले, "हे रोज होणार असेल तर नाश्ता थोडा उशिरा चालेल."

बहिऱ्या मुलांना शिकवायचं शिकते ती. धाकटा भाऊ जन्मापासून बहिरा. गावात तसली शाळा नाही, वडील म्हणतात देवाची मर्जी. "काकू, मर्जी असेल, पण शिकवायला कोणी तरी लागतंच ना?" दीड वर्ष राहिलंय. मग गावी जाऊन शाळा काढणार.

२८ सप्टेंबर, सोमवार

तिच्याबरोबर खोल्या दाखवणाऱ्या दलालांकडे गेले. कामेइदो स्टेशनाजवळ तीन दुकानं. काचेवर कागदच कागद. "कुत्री-मांजरं नकोत." "वाद्यं नकोत." "परदेशी नकोत." एका ओळीत.

पहिल्यानं मान वर केली नाही. दुसऱ्यानं माझ्याशी बोलणं केलं, तिच्याविषयी, ती समोर बसलेली असताना — "ही बूट काढते का घरात?" तिसरा नेगिशी म्हणून आहे, टक्कल, तोंडात सिगारेट, पण माणूस बरा. चार घरमालकांना फोन केले. "मुलगी चांगली आहे हो, जपानी माझ्यापेक्षा शुद्ध बोलते... हो... हो, रंगानं जरा... बरं, बरं." चारही वेळा फोन ठेवल्यावर स्वतःच खाली वाकला आमच्यापुढे.

येताना ती म्हणाली, "आज चारच. गेल्या महिन्यात एका दिवसात नऊ झाले होते."

४ ऑक्टोबर, रविवार

शेजारच्या साकुमाबाई कचऱ्याच्या जागेपाशी भेटल्या. "काल तुमच्याकडे काय शिजत होतं? आमचे हे म्हणाले, औषधाचा कारखाना निघाला की काय!" मी म्हटलं, "नारळाच्या दुधातलं वरण. तुमच्या ह्यांना वाटीभर पाठवते." पाठवलं. वाटी धुऊन आली, आत तीन छोटी संत्री. म्हणजे आवडलं.

ह्यांनी तिला चटईची कड शिवायला शिकवली. गुडघ्यानं दाबून सुई ओढायची. हे चाळीस वर्षं चटया बांधतात. सूनबाईला कधी सुईला हात लावू दिला नाही. तिनं ह्यांना मुक्यांच्या खुणा शिकवल्या. आता हे मला हाक न मारता दोन बोटं कपाच्या कानासारखी धरून हलवतात — म्हणजे चहा. मी म्हटलं, अहो, तोंड आहे ना? तर पुन्हा तीच खूण. ती पोट धरून हसली.

११ ऑक्टोबर, रविवार

मिळाली! मिळाल्यासारखीच!

नेगिशींनी ओनुकीबाईंकडे पाठवलं. सार्वजनिक मोठ्या न्हाणीच्या मागे दुमजली लाकडी घर, सहा भाडेकरू. तळमजल्यावर साडेचार चटयांची खोली, तेवढ्या अंथरल्या की भरते, गॅसची एक शेगडी, संडास सामाईक. महिना सतरा हजार. दोन महिन्यांची अनामत आणि एक महिना नमस्काराचे पैसे, ते परत मिळत नाहीत. तेवढे तिनं धोबीखान्यात इस्त्री करून साठवलेत. कॉलेज बसनं वीस मिनिटं.

ओनुकीबाई ऐंशीच्या घरातल्या. ओटीवर बसून शेंगा सोलत होत्या.

"कुठली ही?"

"श्रीलंकेची," मी म्हटलं.

"तिला तोंड आहे ना? तिला बोलू दे."

"श्रीलंकेची, आजी," मल्कांती म्हणाली.

"तिकडे वाघ असतात?"

"वाघ नाहीत. बिबटे आहेत. पण भाडं वेळेवर देतात."

म्हातारी हसता हसता खोकायला लागली. मग डोळे पुसून म्हणाली, "आधीच्या भाडेकरूनं मासे तळून भिंतभर तेल उडवलं. इथलाच होता. तू काय उडवशील?"

"हळद. पण भिंत आधीच पिवळी आहे."

"घे खोली," म्हातारी म्हणाली. "जामीन आण. कमावता माणूस, सहीच्या जागी वॉर्ड ऑफिसात नोंदलेला शिक्का. त्याशिवाय माझा मुलगा कागद करू देत नाही."

मी विचारलं, "माझं नाव नाही चालणार?"

"तू काय कमावतेस?"

"चाळीस वर्षं घर चालवतेय."

"मीही चालवलं. कागदावर आपण दोघी नाहीच. नवऱ्याला विचार."

मल्कांती रस्त्याच्या कडेला उभी राहिली आणि माझे दोन्ही हात धरले. भर रस्त्यात! "काका मारतील ना शिक्का?" मी म्हटलं, विचारते.

१२ ऑक्टोबर, सोमवार

विचारलं नाही.

जामीन हा शब्द ह्या घरात चोवीस वर्षांत उच्चारलेला नाही. धाकट्या दिरांसाठी, केन्झोंसाठी, ह्यांनी शिक्का मारला होता. त्यांचा रंगाचा कारखाना बुडाला, ते पळाले, आणि वसुलीची माणसं आमच्या दुकानात आली. बूट घालून. ह्यांनी स्वतःच्या हातानं बांधलेल्या चटयांवर बूट घालून चालली. शिगेहारु माझ्या पाठीशी बांधलेला, तापानं फणफणलेला. दुकान गेलं, तेव्हापासून हे दुसऱ्याच्या दुकानात कामाला.

त्या दिवशी मी ह्यांना देवापुढे बसवून म्हटलं होतं, "पुन्हा कुणासाठी शिक्का मारलात तर मी ह्या घरात दिसणार नाही." मीच म्हटलं होतं. ह्यांनी मान हलवली होती.

आता त्याच तोंडानं कसं विचारू? उद्या विचारीन.

१४ ऑक्टोबर, बुधवार

ह्यांना सर्दी. आज नको.

१७ ऑक्टोबर, शनिवार

हे कामावर. दुपारी ऊन चांगलं होतं. ती गावाहून आणलेली खोबरेल तेलाची बाटली घेऊन आली — "काकू, बसा." माझे केस सोडले आणि तेल घातलं. माझे पांढरे, आखूड केस! आई गेल्यानंतर माझ्या डोक्याला कुणी हात लावला नव्हता. बेचाळीस वर्षं. न्हाव्याच्या दुकानात जाते तेवढाच हात.

ती गावचं सांगत होती, नदी, भाऊ, बहिऱ्या भावाला खोबऱ्याची वडी दाखवून कसं बोलवायचं. मला अर्धं कळलं, अर्धं नाही. मी डोळे मिटून बसले होते.

लिहूनच टाकते, हे कुणी वाचणार नाही. मला ती जायला नकोय. शपथेचं कारण खरं आहे, पण सगळं खरं नाही. शिगेहारु आला तरी देवघरात तिची गादी मावेल. मी मोजून पाहिलं.

१८ ऑक्टोबर, रविवार

सकाळी भांडी घासत होते. ती मागे येऊन उभी राहिली.

"काकू, काकांनी काय सांगितलं?"

"नाही म्हणाले."

बोलून गेले! नळ सुरू होता, वाटलं ऐकू गेलं नसेल. गेलं होतं.

"हो का," म्हणाली. मग — "त्यांचंही बरोबर आहे. मी त्यांची कोण?"

मी वळून म्हटलं, "राहा की इथेच. घाई काय आहे?"

ती हसली आणि फडकं घेऊन भांडी पुसायला लागली. एकेक भांडं दोनदा पुसलं.

जपमाळ घेऊन बसले. चाळिसाव्या मण्यावर अडकले. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा चाळिसाव्यावर.

२१ ऑक्टोबर, बुधवार

ती आता आमच्या न्हाणीत अंघोळ करत नाही. एकाच टबातलं पाणी सगळ्यांना; हे उरकले की तिची पाळी असायची. आता दोनशे सत्तर येन देऊन मोठ्या न्हाणीत जाते. विचारलं तर म्हणाली, "काकांना माझं पाणी नको वाटत असेल." मी म्हटलं, "वेडी आहेस का?" तेव्हा बोलता आलं असतं. ओठापर्यंत आलं होतं.

२५ ऑक्टोबर, रविवार

हे म्हणाले, "माल-चान आजारी आहे का?" मल्कांतीला हे लाडानं असं म्हणतात.

"नाही हो. परीक्षा जवळ आलीय."

"माझ्याशी बोलत नाही. सकाळी चहाची खूण केली तर खाली बघून कप ठेवला नि गेली. मी काही बोललो का तिला?"

"छे!"

"म्हातारी माणसं नकळत बोलतात काहीतरी," म्हणाले. मग बराच वेळ चटईची तीच कड उसवत आणि शिवत बसले.

दोन माणसं माझ्या एका शब्दानं एकमेकांना घाबरून एका घरात राहतात. आणि मी मध्ये भात वाढते.

१ नोव्हेंबर, रविवार

ओनुकीबाई भाजीवाल्याकडे भेटल्या. "शिक्का कुठाय? मी दहा तारखेपर्यंत धरते खोली. माझ्या मुलाला सांगू नकोस, तो ओरडेल. त्या बिबट्यांवाल्या मुलीला सांग."

घरी आले. हे ओटीवर काम करत होते.

"अहो."

"हं?"

त्यांनी मान वर केली. सुई तशीच धरून थांबले. खूप वेळ थांबले. आज लिहिताना वाटतंय, नेहमीपेक्षा जास्तच थांबले.

"चहा घेणार?"

"घेईन," म्हणाले आणि पुन्हा सुई ओढली.

१० नोव्हेंबर, मंगळवार

दहा तारीख. मी पडदे धुतले. खोलीतले, स्वयंपाकघरातले, धुवायची गरज नसलेलेही.

१२ नोव्हेंबर, गुरुवार

खोली गेली. निइगाताच्या एका मुलानं घेतली, बापाचा शिक्का घेऊन आला.

मल्कांती ओनुकीबाईंकडे मिठाईचा पुडा घेऊन जाऊन आली. महिनाभर खोली धरून ठेवली म्हणून आभार मानायला! साडेसहाशे येनचा पुडा. स्वतः दुपारी पावाच्या कडा खाते, बेकरीवाला पिशवीभर दहा येनला देतो त्या.

ओनुकीबाईंनी तिला मूठभर शेंगा दिल्या. आल्यावर त्यातल्या निम्म्या माझ्यापुढे ठेवल्या. मी त्या तशाच डब्यात भरून ठेवल्या.

१६ नोव्हेंबर, सोमवार

वरची खोली झाडत होते. तिची वही उघडी होती. बघायला नको होतं, बघितलं. खोल्यांची यादी. सत्तावीस पत्ते, नीट आकडे घालून, पुढे कारण. "परदेशी नको." "परदेशी नको." "स्वयंपाकाचा वास." "काळी म्हणून." "परदेशी नको." सत्ताविसाव्यापुढे कारण नाही. नुसतं लिहिलंय — "काका."

वही होती तशी ठेवली.

२२ नोव्हेंबर, रविवार

जेवणं झाल्यावर ती आमच्या दोघांपुढे गुडघे टेकून बसली. हात जमिनीवर.

"वडिलांचं पत्र आलंय. घरी बोलावतात. पुढल्या महिन्यात जाते. तुम्हाला फार त्रास दिला."

हे म्हणाले, "शिक्षण?"

"तिकडे बघेन काहीतरी."

"दीड वर्ष राहिलं होतं ना? भावाची शाळा?"

ती वर बघेना. हे माझ्याकडे बघायला लागले. मी काय केलं? मी म्हटलं, "वडील बोलावतात तर जायलाच हवं."

नंतर वर गेले तिच्या मागे. म्हटलं, "पत्राचं खरं आहे?" तिनं मान हलवली, नाही. "काकू, काकांना वाईट वाटू नये म्हणून सांगितलं तसं. जामीन नाही म्हणून चालले असं ऐकून त्यांना लाज वाटली असती."

"जाऊ नकोस. देवघरात झोप. मी गादी घालते. मी मोजलंय, मावते."

"माझ्यावर विश्वास नाही अशा माणसाच्या घरात मी फुकट झोपू? मला नाही जमणार, काकू. रागानं नाही म्हणत." मग माझ्याच पाठीवर हात फिरवायला लागली. "तुम्ही फार प्रयत्न केलेत. मला माहितेय."

तिला माहितेय! भगवंता.

मी तिला इथे ठेवायला खोटं बोलले. त्याच खोट्यानं तिला घालवलं. तेव्हाही सांगता आलं असतं. ती अर्ध्या हाताच्या अंतरावर बसली होती.

६ डिसेंबर, रविवार

तिनं खोली पुसून काढली. खिडकीच्या खाचासुद्धा काडीला फडकं बांधून. तीन महिन्यांचं पाणी आणि गॅस म्हणून पाकिटात पैसे घालून देवापुढे ठेवले. मी परत दिले. तिनं पुन्हा ठेवले. शेवटी देवळात दिले, तिच्या नावानं.

टेबलावरचा दिवा मला दिला. "काकू, तुम्ही वहीत लिहिता तेव्हा डोळे बारीक करता."

म्हणजे लिहिताना बघितलंय मला. काय लिहिते ते विचारलं नाही कधी.

१२ डिसेंबर, शनिवार

गेली.

हे कामावर गेले नाहीत. सकाळी ओटीवरून काहीतरी कागदात गुंडाळून आणलं. बसण्यापुरती छोटी चटई, हिरवीगार, नव्या गवताची, कड निळ्या कापडाची. "देवापुढे बसायला," म्हणाले. "तुझ्या घरी जमीन गार असेल." गार कुठली, ती तर नारळाच्या देशातली. पण हे तिशीपासून ह्या गावाबाहेर गेलेले नाहीत.

तिनं ती चटई छातीशी धरली आणि रडली. आत्तापर्यंत एकदाही रडली नव्हती. सत्तावीस दारांत नाही. ह्यांना काही कळेना. "अगं, साधी चटई आहे." ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, "काका, मी तुम्हाला चुकीचं समजले. माफ करा."

हे म्हणाले, "काय चुकीचं?"

बस आली.

मी उभी होते तिथे! दोघांच्या मध्ये. दोघांनाही एका वाक्यात मोकळं करता आलं असतं. मी तिची सुटकेस बसच्या पोटात ढकलत होते. "सांभाळून जा, बँकॉकला विमान बदलताना पासपोर्ट हातात ठेव," एवढंच बोलले.

बसच्या मागच्या काचेतून तिनं ह्यांना चहाची खूण केली. ह्यांनीही केली. बस वळेपर्यंत दोन बोटं हवेत.

१३ डिसेंबर, रविवार

भात जास्त शिजला. तिघांचा.

१६ डिसेंबर, बुधवार

शिगेहारुचा फोन. सत्तावीसला येतात. सून विचारते, वरची खोली रिकामी झाली का? झाली म्हटलं.

देवापुढे बसते, तोंडातून नाम निघत नाही. गुरुजी म्हणतात, अमिदा पाप्यालाच आधी जवळ करतो. करत असेल. पण मी पाप केलं ते अमिदाचं नाही. त्याच्यापुढे रडून ज्याचं त्याला कसं पोचणार?

२० डिसेंबर, रविवार

हे रविवारी मोठ्या न्हाणीत जातात, पाठ शेकायला. संध्याकाळी आले, टॉवेल खुंटीवर लावला. मी रस्सा ढवळत होते.

"नेगिशी भेटला. म्हणतो, हिरोनाकासान, त्या पोरीला शिक्का नाकारलात, तुमच्याकडून वाटलं नव्हतं."

मी ढवळत राहिले.

"मी नाकारला?"

गॅस बंद केला. ह्यांच्याकडे तोंड करून जमिनीवर बसले. "मी तुम्हाला विचारलंच नाही. तिला सांगितलं, तुम्ही नाही म्हणालात." मग सगळंच सांगितलं. ओनुकीबाई, सत्तावीस पत्ते, देवघरातली गादी, तेल. शपथेचं नाव घेणार होते, नाही घेतलं. म्हटलं, "मला ती हवी होती."

हे जेवायला बसले. सगळं जेवले. मग उठून आपला वाडगा स्वतः धुतला आणि पालथा घातला. लग्नाला अडतीस वर्षं झाली, असं कधी केलं नव्हतं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

२१ डिसेंबर, सोमवार

बोलले नाहीत.

२२ डिसेंबर, मंगळवार

वर्षातला सर्वांत लहान दिवस. अंघोळीच्या पाण्यात लिंबं टाकली, रीत म्हणून. ह्यांनी अंघोळ केली, मी केली. लिंबं तशीच तरंगत राहिली.

२३ डिसेंबर, बुधवार

सकाळी देवापुढे भात ठेवून वळले तर हे मागे उभे. हातात वॉर्ड ऑफिसचं पाकीट. आत नोंदलेल्या शिक्क्याचा दाखला. तारीख — १३ ऑक्टोबर.

"गुरुजी म्हणाले होते, पोरीला जामीन लागेल. मी काढून आणला होता. पण तुझ्यापुढे तो शब्द मी कसा काढू? तू काढशील म्हणून थांबलो." मग म्हणाले, "रोज थांबलो."

आणि माझ्यापुढे हवाई टपालाचा कागद ठेवला.

लिहिलं ते असं. नक्कल इथे ठेवते —

"मल्कांती, काकांनी नाही म्हटलं नव्हतं. मी त्यांना विचारलंच नव्हतं. शिक्क्याचा दाखला तू खोली बघून आलीस त्यानंतर दोनच दिवसांत घरात आला होता. तो १२ जानेवारीपर्यंत चालतो, नंतर दुसरा काढू म्हणतात. काकांनी कॉलेजात फोन केला, मार्चपर्यंत तुझं नाव काढत नाहीत. नेगिशी दुसरी खोली बघतोय. माझं तोंड बघायचं नसेल तरी ये. कागदावर नाव काकांचं असेल, माझं नाही. राग असेल तर रागाचंच लिही. पण उलट टपाली कळव."